पाच अक्षरांचं कुलूप

सोमवारी सकाळी साडेनऊला करिश्मा पुंगाटी एटापल्लीच्या वाचनालयासमोर सायकलवरून उतरली, तेव्हा काम पाच मिनिटांचं होतं आणि हातात तीन तास होते. दार उघडायचं, लोखंडी कपाटातली निळी फाइल काढायची, दार लावायचं आणि साडेबाराच्या चंद्रपूर गाडीत बसायचं. वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा तिनं पार केली होती. तीन किलोमीटरची धाव तिनं अशी मारली होती की मोजणाऱ्या साहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. आता दुसऱ्या दिवशी नऊ वाजता चंद्रपुरात कागदपत्रांची तपासणी होती, आणि 'मूळ प्रतींशिवाय उमेदवाराचा विचार होणार नाही' हे वाक्य पत्रात दोनदा छापलेलं होतं.

मूळ प्रती निळ्या फाइलीत होत्या. घरी ठेवल्या असत्या, पण गेल्या वर्षी वाळवीनं तिच्या बाबांचं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीसकट खाल्लं होतं. वाचनालयाचं कपाट लोखंडी, खोली कोरडी, आणि खुद्द करिश्माच तिथली ग्रंथपाल. त्याहून सुरक्षित जागा साऱ्या तालुक्यात नव्हती. अडचण एवढीच, की आज ती जरा जास्तच सुरक्षित झाली होती.

या दाराला किल्ली नव्हती. वाचनालय काढलं होतं गुणवंतराव शेंडे सरांनी. आश्रमशाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर जुन्या लाकूड डेपोची एक खोली त्यांनी मागून घेतली, स्वतःची पुस्तकं तिथे मांडली, आणि पहिल्याच महिन्यात किल्ली तीन वेळा हरवल्यावर चंद्रपूरच्या प्रदर्शनातून एक पितळी कुलूप आणलं. कुलूप नारळाएवढं. त्याला पाच चाकं आणि प्रत्येक चाकावर इंग्रजीची सव्वीसच्या सव्वीस अक्षरं. बरोबर शब्द जुळला की उघडायचं.

दुसरा कोणी असता तर तो शब्द त्यानं वहीत लिहून ठेवला असता. सरांनी त्याची शाळा केली. दर आठवड्याला ते नवा शब्द लावायचे आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर त्याची खूण लिहायचे: अक्षरं किती, त्यातलं एखादं कुठलं, आणि अर्थ. ज्याला शब्द सापडेल त्यानं दार उघडावं, पुस्तक घ्यावं. पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, 'पाच अक्षरे. जी आहे. अर्थ : जो दिसला नाही तरी गाव लवकर घरी येते.' टायगर. पुढच्या आठवड्यात, 'पाच अक्षरे. एन आणि आर आहेत. अर्थ : करणारा सोडून सगळ्यांना ऐकू येते.' स्नोअर, म्हणजे घोरणं. ग्रंथपालालाही यातून सूट नव्हती. "सूट देली का डोकं गंजते," सर म्हणायचे. करिश्मानं अकरा आठवड्यांत अकरा शब्द सोडवले होते, सगळ्यात उशीर झाला तो वीस मिनिटांचा.

रविवारी ती मावशीकडे गेली होती आणि सर संध्याकाळच्या गाडीनं दात काढायला चंद्रपूरला, आपल्या घरी. जाताना नवा शब्द लावून गेले होते. म्हणून आज करिश्मा थेट फळ्याकडे वळली, आणि तिथेच थांबली.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज लसीकरण. सकाळी ११ वाजता. याच ठिकाणी.' त्याच्या वर, अगदी कडेला, सरांची एक ओळ शिल्लक होती: 'पाच अक्षरे. क्यू आहे, ई आहे.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात फक्त दोन शब्द: 'म्हातारा होतो.'

व्हरांड्यात सतरंजी अंथरत असलेल्या आरोग्यसेविका स्वातीताईंनी वर पाहिलं.

"ताई, हे तुमी पुसलं?"

"थोडंसंच पुसलं. वरचं ठेवलं ना तुह्यासाठी."

"मंधात अर्थ लिवला होता. काय होता तो?"

"मी कायले वाचू? मले वाटलं सुविचार आहे." स्वातीताईंनी सतरंजीची सुरकुती पायानं सरळ केली. "सुविचार कोन वाचते?"

करिश्मानं रागावण्यात वेळ घालवला नाही. ती पायरीवर बसली आणि विचार करू लागली. पाच अक्षरं. क्यू आहे, ई आहे. क्यूनं सुरू होणारे शब्द इंग्रजीत फार नाहीत, आणि क्यूच्या मागे यू असतो हे सरांनी सगळ्या तालुक्याच्या डोक्यात ठोकून बसवलेलं होतं. म्हणजे दोन अक्षरं मिळाली. उरली तीन, आणि 'म्हातारा होतो.' शब्दकोश हवा होता. शब्दकोश दाराच्या आत, डावीकडून दुसऱ्या फळीवर होता. फोनवर शोधावं तर पहाटेपासून वीज नव्हती, लाइनचं काम चार वाजेपर्यंत चालणार होतं, आणि टॉवर आपल्या बॅटरीवर कसाबसा श्वास घेत होता. त्याच्यावरून एखादा फोन जायचा, इंटरनेट नाही. तिनं सरांचा नंबर लावला. घंटी दाराच्या आतून ऐकू आली. सर फोनही आतच विसरले होते.

सरांच्या पत्नीचा, अनुसयाबाईंचा नंबर लावला. कोणी उचलला नाही. दोघं दातांच्या डॉक्टरकडे गेली असणार.

समोरच नवाबभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. वीज नसल्यामुळे नवाबभाई ओट्यावर बसून रस्ता बघत होते, आणि ज्याला काम नाही त्याला दुसऱ्याचं काम लांबूनही दिसतं. ते आले, कमरेवर हात ठेवून फळा वाचला.

"म्हातारा होतो," ते म्हणाले. "हे तर सोपं आहे, बेटा. माणूस कायनं म्हातारा होते? बायकोनं. बायकोले इंग्रजीत काय म्हनते?"

"वाइफ. चार अक्षरं. क्यू नाई त्याच्यात."

"मंग प्रेमानं म्हनत असन. रानी. रानीले?"

करिश्मानं मान वर केली. क्वीन. क्यू, यू, ई, ई, एन. पाच अक्षरं, क्यू आहे, ई आहे. तिनं पाचही चाकं फिरवली, कडी ओढली. कुलूप हललं नाही.

"माह्यामुळं म्हातारा झाला का तू?" दुकानाच्या शेजारच्या खिडकीतून शमीमबींचा आवाज आला. त्या शिलाईच्या मशीनवर बसल्या होत्या. ती पायाची असल्यामुळे विजेवाचून चालत होती, कानही चालत होते. "ओट्यावर बसू बसू झाला. ते लिव फळ्यावर."

नवाबभाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

एवढ्यात करिश्माचे बाबा, दसरू पुंगाटी, तिची प्रवासाची पिशवी डोक्यावर घेऊन आले. खांद्यावर नेहमीप्रमाणे कुऱ्हाड होती. दसरू कमी बोलायचे. त्यांनी कुलूप पाहिलं, दार पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि कुऱ्हाड हातात घेतली.

"बाबा, नाई."

"तीन घाव लागतीन."

"सागवानाचं दार हाय, बाबा. डेपोचं. सरकारी. मी जंगल राखायची नोकरी मांगाले चालली आणि जाता जाता सागवान तोडून जाऊ?"

दसरूंनी थोडा विचार केला, कुऱ्हाड पुन्हा खांद्यावर ठेवली आणि पायरीवर बसले. पटलं की ते वाद घालत नसत.

"दार नको, कुलूप तोडू," नवाबभाई म्हणाले. "ग्राइंडर असता तर दोन मिनिटाचं काम होतं. पण बिजली नाई. थांब, छन्नी-हातोडी आनतो."

करिश्माच्या मनाला ते फारसं पटत नव्हतं, पण साडेदहा वाजले होते. तिनं होकार दिला. नवाबभाईंनी छन्नी कडीवर टेकवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि हातोडी उचलली. पहिला घाव कडीवर बसला, कडीला काही झालं नाही. दुसरा घाव निसटला आणि मधल्या चाकावर बसला. मोठा गोड आवाज झाला, देवळातल्या घंटेसारखा.

"थांबा, नवाबभाऊ." करिश्मानं कुलूप हातात घेतलं. पहिलं चाक फिरत होतं. दुसरं फिरत होतं. चौथं, पाचवं फिरत होतं. तिसरं मात्र जागचं हलेना. त्याची कड दबून शेजारच्या चाकाला घासून बसली होती, आणि ते अडलं होतं 'क्वीन'मधल्या ई या अक्षरावर.

नवाबभाईंनी हातोडी हळूच पाठीमागे नेली, जणू ती दुसऱ्याच कोणाची होती.

करिश्मानं मनातल्या मनात हिशेब मांडला. शब्दात तिसरं अक्षर ई असेल तर ठीक. नसेल, तर शब्द सापडला तरी हे कुलूप आता जन्मात उघडणार नव्हतं. चार वाजता वीज येईल, ग्राइंडर चालेल, फाइल हातात पडेल, आणि चंद्रपूरची गाडी तोवर आलापल्लीच्या कितीतरी पुढे गेलेली असेल. दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी दुपारी पोचायची. 'विचार होणार नाही.'

तिनं दोन घोट पाणी प्यायलं. मग स्वातीताईंच्या डब्यातून खडू घेतला आणि व्हरांड्याच्या फरशीवरच लिहायला बसली. रडायला गाडी सुटल्यावर वेळच वेळ होता.

"ई नसन तर खेळच संपला," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हनून आहेच असं धरून चालायचं."

क्यू, यू, ई, आणि पुढे दोन रिकाम्या जागा. क्वेरी, म्हणजे शंका. शंकेनं माणूस म्हातारा होतो, हे पटण्यासारखं होतं. चाकं फिरवली. उघडलं नाही. क्वेस्ट, म्हणजे शोध. शोधूनही होतो. तेही नाही. क्वेल, म्हणजे दडपून टाकणं. यात तर अख्खं आयुष्य जातं. नाही. एव्हाना अकरा वाजत आले होते आणि लसीकरणाला आया पोरांना घेऊन येऊ लागल्या होत्या. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, खाली अंगणात बाया उभ्या होत्या. पहिल्या पोराला सुई टोचली, ते रडलं, आणि ज्यांची पाळी यायची होती त्यांनीही सुरात सूर मिसळला. त्या गलक्यात करिश्मा मांडी घालून फरशीवर अक्षरं मांडत होती. एका आजीबाईंनी आपल्या शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "हे पोरगी काय करून राह्यली?" "नोकरीची परीक्षा आहे म्हनते," त्या बाईनं सांगितलं. आजीबाई म्हणाल्या, "बाहेर बसवून घेते काय आता?"

अकरा वाजून वीस मिनिटांनी अनुसयाबाईंनी फोन उचलला.

"काकू, मी करिश्मा. सरले फोन द्या ना."

"त्याईले काऊन देऊ, बाई? खालचे चार दात काढले आत्ताच. तोंडात कापूस आहे. डाक्टरनं संध्याकाळलोक बोलू नोको म्हनलं."

"मले फक्त कुलपाचा शब्द पाह्यजे. माह्यी गाडी आहे साडेबाराची."

फोनमधून 'ऊं, ऊं' असा आवाज आला. सर शेजारीच होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. मग अनुसयाबाई म्हणाल्या, "थांब, ते कागदावर लिवून देऊन राह्यले. पन बाई, हे इंग्रजीत आहे. माह्यी चौथी मराठीत झाली."

"मेसेज करता येईन का सरले, तुमच्या फोनवरून?"

"या फोनच्या बटनावरचे अक्षरं कवाच घासून गेले. मी सवयीनं दाबतो."

"बरं. मंग अक्षर कसं दिसते ते सांगा. एक एक."

करिश्मानं फोन कानाला घट्ट दाबला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. सतरंजीवर एक पोर नुकतंच सुईचा निषेध करू लागलं होतं.

"पयलं," अनुसयाबाई म्हणाल्या, "अंड्यासारखं हाय. खाली उंदराची शेपटी."

"क्यू. पुढं."

"दुसरं कप. बिनकानाचा."

"यू. तिसरं?"

"तिसरं फनी हाय. तीन दाताची."

करिश्मानं डोळे मिटले. ई. तिसरं अक्षर ई होतं. "नवाबभाऊ, तिसरं ई आहे," तिनं फोन न सोडता सांगितलं, आणि नवाबभाईंनी पाऊण तासात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"चौथं, पुन्हा तो कप. पाचवं, पुन्हा फनी."

क्यू, यू, ई, यू, ई. करिश्मानं खडूनं लिहिलं आणि तिला हसू आलं. क्यू. रांग. तिनं मान वळवली. व्हरांड्यापासून नवाबभाईंच्या दुकानापर्यंत बाया पोरं घेऊन एकामागे एक उभ्या होत्या. 'जिच्यात माणूस उभ्याउभ्या म्हातारा होतो,' असंच काहीतरी सरांनी लिहिलं असणार. दोन तास ती हा शब्द शोधत होती आणि अर्धा तास तो तिच्यासमोर पोरं कडेवर घेऊन उभा होता.

"अजून काई लिवलं आहे का, काकू?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "नाई वो बाई," मग अनुसयाबाई म्हणाल्या. "एवढंच." आणि फोन कटला. करिश्मानं स्क्रीन पाहिली. टॉवरनं शेवटी मान टाकली होती.

ती उठली. नवाबभाई, दसरू, खिडकीतून उठून आलेल्या शमीमबी, आणि हातात रिकामी सिरिंज घेऊन स्वातीताई, सगळे दाराभोवती गोळा झाले. तिनं चाकं फिरवली. क्यू. यू. तिसरं होतंच. यू. ई. कडी ओढली.

कुलूप तसंच.

पुन्हा पाहिलं, प्रत्येक अक्षर खाचेसमोर नीट आणलं, पुन्हा ओढली. तसंच.

"माह्याच्यानं बिघडलं," नवाबभाई हळू आवाजात म्हणाले. "आतलं पातं वाकलं असन. बेटा, मी तुह्या नोकरीवर हातोडी मारली."

शमीमबींना बोलायला आयती संधी होती, ती त्यांनी सोडली. त्यांनी नवऱ्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि नेऊन दुकानात ठेवली.

"शब्द तर बरोबर आहे ना?" स्वातीताईंनी विचारलं.

"सरनं सांगतला आहे," नवाबभाई म्हणाले. "सरचं स्पेलिंग कसं चुकन?"

ते खरंच होतं. गुणवंतराव सरांचं स्पेलिंग चुकू शकतं हा विचार एटापल्लीत आजवर कोणाला शिवला नव्हता. लोकांच्या लग्नपत्रिका ते लाल शाईनं तपासून परत पाठवायचे. एका हॉटेलच्या पाटीवरच्या चुकीसाठी त्यांनी तिथला चहा तीन वर्षं सोडला होता, आणि पाटी दुरुस्त झाल्यावर आधी पाटी वाचून मगच आत शिरले होते. अर्ध्या गावाचे तळहात त्यांच्या छडीला ओळखत होते, त्यात नवाबभाईंचेही दोन.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. सगळे करिश्माकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सांत्वन दिसू लागलं होतं जे माणसं हरलेल्यासाठी तयार ठेवतात. तिला ते पाहवेना. ती दाराकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून बसली आणि कुलूप मांडीवर घेता येत नाही म्हणून स्वतःच त्याच्याखाली सरकली.

हातोडीनं आतलं पातं वाकलं असेल, तर तिच्या हातात काही नव्हतं. म्हणून तिनं ती शक्यता बाजूला ठेवली. तिच्या हातात असलेली अशी एकच शक्यता उरत होती, आणि ती मनात आणतानाही तिला तळहात मागे घ्यावासा वाटला. समजा सरच चुकले असतील. कागदावर आज बरोबर लिहिलं, पण काल संध्याकाळी कुलूप लावताना चुकले असतील. गाडीची घाई, दाताचा ठणका, अंधारून आलेलं. माणूसच आहेत शेवटी. असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, पण शक्यता होती.

चुकले असतील तर कुठे? क्यू, यू यात कोणी चुकत नाही. तिसऱ्या जागी ई अडकलेला आहे, तो हलवता येत नाही. उरले एक यू आणि एक ई, शेवटच्या दोन जागांसाठी. यू आधी की ई आधी? सरांनी सांगितलेला क्रम लावून झाला होता.

तिनं चौथं चाक ई वर आणलं. पाचवं यू वर. क्यू, यू, ई, ई, यू. असा शब्द जगातल्या कुठल्याच शब्दकोशात नव्हता. तिनं कडी ओढली आणि ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून हातात आली.

मागे एकदम गलका झाला. करिश्मानं पहिलं काम केलं ते हे, की तळहात फिरवून चारही चाकं विस्कटून टाकली. मग ती उठली.

"कसं उघडलं? कोनता शब्द होता?" स्वातीताई विचारत होत्या.

"तोच. सरनं सांगतला तो." करिश्मा दार ढकलत म्हणाली. "मंघाशी चाक नीट बसलं नव्हतं."

"पाह्यलं?" नवाबभाईंचा चेहरा पुन्हा फुलला. "माह्या हातोडीनं सैल झालं होतं. थोडा वेळ लागते त्याले."

करिश्मानं तेही मान्य केलं. निळी फाइल कपाटात होती, सगळे कागद जागच्या जागी होते. सरांचा फोन तिनं पिशवीत टाकायचा म्हणून हातात घेतला, नवं साधं कुलूप शमीमबींनी दुकानातून आणून लावलं, आणि घड्याळात बारा सव्वीस झाले. बसस्टँड एक किलोमीटर होता. नवाबभाई स्कूटर चालू करायला धावले. स्कूटरला चार लाथा मारून होईपर्यंत करिश्मा वळणावर दिसेनाशी झाली होती.

ती पोचली तेव्हा गाडी निघालीच होती. ती मागून पळत सुटली, फाइल छातीशी धरून. कंडक्टरनं तिला पाहिलं नाही. त्यानं पाहिलं ते तिच्या मागे: एक माणूस कुऱ्हाड उगारून रस्त्याच्या मधोमध धावत येत होता. कंडक्टरनं घंटी दोनदा मारली, एकदा थांबण्यासाठी आणि एकदा घाबरून, आणि ड्रायव्हरनं त्यातली पहिली ऐकली. करिश्मा चढली. दसरू धापा टाकत आले, कुऱ्हाड खांद्यावर ठेवली आणि विसरलेली पिशवी तिच्या हातात दिली.

"जेवून घेजो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तपासणीला पावणेतीनशे उमेदवार होते. करिश्माची पाळी दुपारी एकला आली. टेबलामागच्या बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला, झेरॉक्सशी ताडून पाहिला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सगळं आहे. पुढचं." एवढंच. ज्या फाइलीसाठी अर्धं एटापल्ली घामाघूम झालं होतं, ती तिला चार मिनिटांत परत मिळाली.

तिथून ती फोन परत करायला जटपुरा गेटजवळ सरांच्या घरी गेली. सर आरामखुर्चीत बसले होते, गाल सुजलेला, मांडीवर पाटी आणि पेन्सिल. बोलायची परवानगी मिळाली होती, पण शब्द अजून कापसातून आल्यासारखे येत होते. अनुसयाबाईंनी तिच्यासमोर जेवणाचं ताट आणून ठेवलं.

"झालं ना काम?" सरांनी विचारलं.

"झालं, सर. सगळे कागद पास."

"आणि कुलूप? उघडलं लवकर?"

करिश्मानं ताटाकडे पाहिलं. बसमध्ये पाच तास तिनं या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. "हो सर. तुमी सांगतलं तेच लावलं. क्यू, यू, ई, यू, ई. लगेच उघडलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तेच लागलं?"

"तेच."

"नाई, पोरी. तसं होऊच शकत नाई." सरांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा शब्द मी चौतीस वर्षं शिकवला आणि चौतीस वर्षं त्याले भेत आलो. लिवला का मले शंका येते. काल तू फोन केला, मी लिवला, आणि माह्या ध्यानात आलं का रविवारी घाईत उलटा लागला असन. म्हनून तर खाली लिवलं."

करिश्मानं कागद उघडला. वरच्या ओळीत इंग्रजीतला शब्द होता. त्याच्या खाली, सरांच्या वळणदार, सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: 'न उघडल्यास शेवटची दोन अक्षरे उलट लाव. माझी चूक झाली असेल.'

सर आणि करिश्मा, दोघांनीही मान वळवून अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्या करिश्माच्या ताटात भात वाढत होत्या.

"काकू, हे तर मराठीत हाय," करिश्मा म्हणाली.

"हो, मराठीत आहे. वाचलं मी. दोनदा वाचलं." अनुसयाबाईंनी भातावर वरण ओतलं आणि पदरानं हात पुसला. "तुह्या मांगं सारं गाव उभं होतं ना, बाई. लेकरं रडून राह्यले होते, ते आयकू आलं मले. चौतीस वर्षं हा मानूस गावाच्या चुका काढत फिरला. अन् मी एका फोनवर त्याची चूक गावाले वाचून दाखवू?"

सर हसायला लागले, आणि दुखल्यामुळे लगेच गाल धरून बसले.

"अन् तू," अनुसयाबाई करिश्माकडे वळल्या, "तू तरी कुठी खरं सांगतलं? जेव आता. थंड होऊन राह्यलं."